तिसरी शेगडी

घर पुन्हा एक झालं. बरं, तसं काही झालं नाही; हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा.

दोन्ही पोरांच्या चुली वेगळ्या झाल्यापासून रुपराव एक महिना थोरल्याकडे जेवत, एक महिना धाकट्याकडे. निदान कॅम्पिंगला तरी सगळ्यांचं एकत्र रांधलं जावं, म्हणून त्यांनी हौसेने पाच किलोचा सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी विकत घेतली. खिंडसीच्या तलावाकाठी पोचताच दोन्ही पोरांनी डिकीतून आपापली शेगडी काढली.

"अन् माह्या शेगडीचं काय करू गा?" रुपरावांनी विचारलं.

थोरल्याचा चेहरा उजळला. "बाबा, आता तुमचीबी चूल वेगळी झाली. मंग आमच्याकडे काहून जेवता?"

 

सबब, उभय चिरंजीवांकडून अर्जदार रुपराव यांना कोणत्याही एका घरी पूर्ववत जेवू घालण्यात यावे, ही नम्र विनंती.