जप्तीतले बैल

जप्त केलेल्या मालाला लाखेची मोहोर लावायची असते. पण बैलाला ती लावायची कुठे? मार्तंडराव जमादारांनी थोडा विचार केला आणि दोन्ही बैलांच्या गळ्यात सुतळीने पत्र्याचा एकेक बिल्ला बांधला. मग त्यांनी बैल ठाण्यामागच्या लिंबाखाली नेऊन बांधले.

सहादेव शेजारी मान खाली घालून उभा होता. चिमण्या आणि पाखऱ्या ही त्याचीच जोडी, पण आता तिच्यावर चोरीचा संशय होता. जामखेडकडच्या पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याने फिर्याद दिली होती, की सहादेवाच्या दावणीचे बैल माझे आहेत, वर्षापूर्वी चोरीला गेले. कानाचा कातरा आणि गुडघ्यावरचा पांढरा ठिपका त्याने न पाहता बिनचूक सांगितला. सहादेव म्हणत होता, जोडी मी काष्टीच्या बाजारात घेतली. पण बाजाराची पावती त्याच्याजवळ नव्हती. मग जप्ती टळणार कशी?

"शिंगणापूरच्या शनिदेवाम्होरं उभा राहून सांगतो जमादार, चोरी मी केली न्हाई," एवढंच तो म्हणाला.

पुंजारामलाही मार्तंडरावांनी शपथ घेतोस का म्हणून विचारलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या. तेव्हापासून हा माणूस त्यांच्या मनातून उतरला.

ते बहात्तर साल होतं. खरीप गेला होता, रब्बी पेरलीच नव्हती. विहिरींचे तळ दिसत होते. माणसं खडी फोडायला जात होती आणि जनावरं काष्टीच्या बाजारात मिळेल त्या भावाने कसायाच्या हातात जात होती. सहादेवाच्या वाडीत दहा दावणी असतील, तर आठ मोकळ्या झाल्या होत्या. ठाण्यात आणले तेव्हा या दोन बैलांच्याही बरगड्या उघड्या पडल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात चिमण्या बसला तो उठेना. मार्तंडराव तडक फौजदारांकडे गेले. मुद्देमाल कोर्टापुढे जिवंत उभा करावा लागतो, तो ठाण्यात मेला तर जबाब आपल्याला द्यावा लागेल, असं त्यांनी शांतपणे समजावलं. फौजदार आधी हसले, मग गंभीर झाले. वर लिखापढी झाली आणि सरकारी खर्चाने कडबा मंजूर झाला. साखर कारखान्याच्या गाडीतून उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढंही येऊ लागलं. मार्तंडराव स्वतः बैलांना पाणी दाखवत. शिपाई मागून चेष्टा करत, की जमादारांनी पेन्शनीनंतरची सोय आत्ताच करून ठेवली.

सहादेव आणि त्याची बायको राहीबाई अधूनमधून बैल बघायला येत. राहीबाई पदराने बैलांचे डोळे पुसायची आणि लिंबाखाली बसून राहायची. मार्तंडरावांना ते बघवेना. एकदा त्यांनी सहादेवाला बाजूला घेतलं.

"कोर्टात अर्ज कर. जामिनावर बैल घरी न्यायला मिळतील. लिहून मी देतो."

सहादेवाने लिंबाखालच्या जोडीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "नगं जमादार. चोरीचा डाग लागल्यालं जनावर दारात बांधून लोकास्नी तोंड कसं दावू? निकाल लागू द्या. मंग ताठ मानंनं नेईन."

मार्तंडरावांना त्याचं फार कौतुक वाटलं. घरी जेवताना त्यांनी ही गोष्ट मुलांना सांगितली आणि अब्रू म्हणजे काय ते नीट समजावून दिलं.

कोर्टाच्या तारखा मात्र नुसत्या पडत गेल्या. कधी पुंजाराम हिवतापाने अंथरुणाला खिळलेला, तर कधी सहादेवाचा साक्षीदार लग्नाला गेलेला. उन्हाळा असाच सरला.

ज्येष्ठात आभाळ भरून आलं आणि दोन दिवस चांगला पाऊस झाला. पुढच्या तारखेला मात्र दोघेही वेळेवर हजर होते. कोर्टाच्या आवारात पुंजारामने बैलांभोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला आणि मान हलवली.

"हे माजे न्हाईत साहेब. माज्या बैलाच्या पाठीवर केसांचा भवरा हुता. ह्येंच्या न्हाई."

सहा महिने डोळे कुठे होते, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"तवा लई वाळल्याली हुती साहेब. आता अंग भरलं, तवा समजलं."

न्यायाधीशांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं, पुन्हा असं केलंस तर तुलाच आत टाकीन म्हणून दम भरला आणि बैल सहादेवाला परत द्यायचा हुकूम केला. सहादेवाने लांबूनच हात जोडले. पुंजाराम कोणाकडे न बघता निघून गेला.

बैल ताब्यात घ्यायला सहादेवाला सोमवारी बोलावलं होतं. पण मार्तंडरावांना रविवारीच त्या बाजूला काम निघालं. वाफसा आला होता, पेरणीचा एकेक दिवस मोलाचा होता. बिचाऱ्याची खेप वाचेल म्हणून ते स्वतःच बैल घेऊन निघाले. चिमण्या आणि पाखऱ्या तकतकीत दिसत होते. वाडीची वाट ओळखून ते भराभर चालू लागले. त्यांना आवरताना जमादारांना धाप लागली, पण मन प्रसन्न होतं. आपल्या हातून एका गरिबाला न्याय मिळाला होता.

घराला कडी होती. शेजारणीने बांधाकडे बोट दाखवलं. बाभळीच्या आडून मार्तंडराव जवळ गेले. सावलीत सहादेव जेवायला बसला होता आणि त्याच्या ताटातच आणखी एक माणूस जेवत होता. त्याने पाण्याच्या तांब्याकडे हात केला तेव्हा तोंड दिसलं. तो पुंजाराम होता.

राहीबाई त्याच्यापुढे भाकरी मोडत म्हणत होती, "घे रं दादा, आजून आर्दी. बैलं सरकारी वैरनीवर फुगली, अन् दाजीवरची फिर्याद लढून तू पार वाळलास."