लॉर्ड हेवरिज यांचं मत

“ताप तर नाहीये,” हेस्टर म्हणाली.

“आतून आहे,” लॉर्ड हेवरिज पांघरुणातून बोलले. “कसकस वाटतेय. आज लंडनला जाणं काही जमायचं नाही.”

सोमवारपासून ते अंथरुणातच होते. आज बुधवार. वय ब्याऐंशी. एकेचाळीस वर्षं ते लॉर्ड्सच्या सभागृहात बसत आले होते. त्यांच्या आधी त्या जागेवर त्यांचे वडील होते, त्याआधी आजोबा. यांपैकी कुणालाही लोकांनी निवडून दिलं नव्हतं.

आज संध्याकाळी त्याच सभागृहात मतदान होतं. यापुढे वारसाने किंवा नेमणुकीने कुणी आत येणार नाही, प्रत्येक सभासद लोकांच्या मतांवर येईल, असं ते विधेयक होतं. त्यासाठी हेस्टरने शाळेतली नोकरी सोडली होती. नऊ वर्षं ती गावोगाव सभा घेत हिंडली होती. आता त्या चळवळीची प्रमुखही तीच होती.

बापलेक एकाच घरात राहत आणि रोज नाश्त्याला भांडत.

“नद्यांच्या कायद्यातल्या चौदा चुका मी काढल्या,” ते टोस्टवर मुरंबा लावत म्हणायचे. “तुझ्या निवडून आलेल्यांनी एकही नाही.”

“काढल्यात ना, छान केलंत. पण तुम्हीच चुका केल्या असत्या तर तुम्हाला घरी कुणी बसवलं असतं?”

“देवाने.”

“तो अजून कुठल्या मतदारयादीत नाव नोंदवायला आलेला नाही, बाबा.”

दहाच्या सुमारास ग्लेनिसचा फोन आला. चळवळीतले आकडे तीच सांभाळायची.

“तीनदा मोजलं. तुझे बाबा आले तर एका मताने हरतो. नाही आले तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की विधेयक पुढे जातं. नियमच आहे तो. कसे आहेत ते?”

“झोपलेत. बरं नाही म्हणतात.”

 ग्लेनिस हसली. “झोपू दे मग म्हाताऱ्याला! गरम सूप दे, आणि आज सभागृहाकडे फिरकू देऊ नकोस.”

हेस्टरने फोन ठेवला. सूप गरम करायला लावलं आणि गॅससमोर उभी राहिली. एकेचाळीस वर्षांत बाबांनी एकही मोठं मतदान चुकवलं नव्हतं. हे तर कदाचित त्यांचं शेवटचं. गाडी दारात होती, चाकांची खुर्ची माळ्यावर होती, आणि त्यांना न्यायला घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती नेते की नाही, एवढ्यावर सगळं अडून होतं. प्रत्येकाच्या मताला किंमत असते, हे वाक्य तिने नऊ वर्षांत किती सभांत म्हटलं असेल, तिलाच ठाऊक नव्हतं.

तिने गॅस बंद केला, डॉक्टरांना फोन केला, मग वर गेली आणि खोलीचे पडदे सरकवले.

“उठा बाबा. मी नेते तुम्हाला.”

लॉर्ड हेवरिज ताडकन उठून बसले. “वेड लागलंय का तुला? मी विरोधात मत देणार आहे. कळतंय ना?”

“कळतंय.”

“मला बरं नाहीये.”

“खुर्चीतून नेते. रग घेते. डॉक्टरांनाही विचारलंय, प्रवासाला हरकत नाही म्हणाले.”

“मी नाही येणार.”

“बाबा, उद्या पेपरात काय छापून येईल? मतदानाच्या दिवशी मुलीने बापाला घरात कोंडून ठेवलं. असलं जिंकणं मला जन्मभर पचणार नाही.”

त्यांनी पांघरूण हळूच बाजूला सारलं.

“असं म्हणतील तुला?”

“म्हणणारच.”

“मग मोजे दे,” ते म्हणाले.

चार तासांनी ते लंडनला पोचले. सभागृहाच्या दाराशी ग्लेनिस उभी होती. खुर्ची बघून तिचा चेहरा उतरला.

“हेस्टर, हे काय केलंस तू?”

हेस्टरने वडिलांच्या कोटाची कॉलर नीट केली, खुर्ची आतल्या माणसाच्या हाती दिली आणि वर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसली.

सहा वाजून दहा मिनिटांनी निकाल वाचला गेला. बाजूने दोनशे एकेचाळीस, विरोधात दोनशे बेचाळीस. विधेयक फेटाळलं गेलं. ग्लेनिस उठून निघून गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

परतताना जूनचं ऊन अजून शेतांवर होतं. ऑक्सफर्ड मागे पडलं. मग हेस्टरने विचारलं, “आत असताना एकदाही वाटलं नाही का तुम्हाला? एकदा पोरीसाठी म्हणून बाजूने मत द्यावं असं?”

“वाटून काय उपयोग? तिथं जाऊन खोटं मत देणं मला जमत नाही.”

“ठाऊक आहे मला. म्हणूनच नेलं मी तुम्हाला.”

लॉर्ड हेवरिज यांनी गुडघ्यांवरची रग सारखी केली.

“आणि म्हणूनच,” ते म्हणाले, “सोमवारपासून मी आजारी पडलो होतो, पोरी. मला काहीसुद्धा झालं नव्हतं.”