अजून काम चालू आहे

एरवी महिन्यातून एकदा फोन करणारी लेक, घराचं काम काढल्यापासून रोज फोन करू लागली. कधी रंगाऱ्याने डबा सांडलेला असायचा, कधी सुतार उलटं दार बसवून जायचा. आई गेल्यापासून बापलेकीला बोलायला इतके विषय कधी मिळालेच नव्हते.

आजही तिने विचारलं, "बाबा, बाथरूमच्या फरशा बसल्या का?"

"कसल्या बसतायत! मिस्त्री आज पुन्हा गायब. घरभर नुसता राडा. पाय ठेवायला जागा नाही, उभ्या उभ्याच जेवलो."

एवढं बोलून ते चकचकीत हॉलमधल्या खुर्चीत टेकले. काम संपून आठ दिवस झाले होते.



"हॅलो? आहेस ना गं?"

"आहे. बाबा, मिस्त्रीकाकांनी मला गेल्या मंगळवारीच फोटो पाठवले. छान झालंय घर. उद्या काय बिघडणार आहे, ते ठरवून ठेवा हं. मी याच वेळेला फोन करते."