कोथिंबिरीची पिशवी

"ससा घरातून पळालेला की रानातला, हे त्याला न विचारता कसं ओळखायचं?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ऋजुताने शाळेत आलेल्या वनरक्षक बाईंना विचारून टाकलं. नववीत आल्यापासून तिने पहिल्यांदाच हात वर केला होता. वर्ग खिदळला, बाई मात्र हसल्या नाहीत. "आपल्याकडच्या रानसशाच्या मानेवर मागे काळा पट्टा असतो. आणि तो माणसाजवळ येत नाही. पाळलेला येतो, रानात सोडला तर दोन दिवसही जगत नाही."

संध्याकाळी ती घरी पोचली, तर बाबा झाकलेल्या टोपलीत मातकट ससा घेऊन टेकडीकडे निघालेले. "कुंपणात सापडला. सोडून येतो त्याच्या रानात."

ऋजुताने झाकण सारून पाहिलं. मानेवर काळं काहीच नव्हतं. "बाबा, हा पाळलेला आहे. तिथे मरेल तो."

"आता सशांची मास्तरीण झालीस का?"

तिने त्यांच्या हातातली टोपली घेऊन अंगणात आडवी केली. पायरीवर आई कोथिंबीर निवडत होती. तिची प्लॅस्टिकची पिशवी ऋजुताने चुरगाळून वाजवली. ससा कुंपणाकडे निघाला होता, पण आवाजासरशी थांबला, वळला आणि टुणटुण उड्या मारत येऊन थेट आईच्या गुडघ्यावर पुढचे पाय टेकवून उभा राहिला. आईने त्याला एक काडी दिलीसुद्धा.

"हा तर बाजाराची पिशवी ओळखतो," बाबा हसत म्हणाले.

"आई, बाबा, ऐका. याचा मालक सापडेपर्यंत हा इथेच राहणार," ऋजुताने जाहीर केलं. "आणि उद्यापासून मी वर्गात पैजेशिवाय प्रश्न विचारणार."