रिकामी मूठ

मयतीच्या मडक्यात मूठ रिकामीच सोडली, की दुलीचंदचा रोख एक रुपया वाचायचा. भरवेलीच्या खाणमजुरांच्या त्या चाळीत रीतच होती तशी. कोणी गेलं, की मयतीच्या खर्चासाठी ठेवलेल्या मडक्यावर फडकं टाकायचं आणि घरटी एकानं बंद मूठ आत घालून उघडी बाहेर काढायची. रुपया ठरलेला, पण कोणी टाकला नि कोणी नाही, हे पाहायचं नाही. दुलीचंदनं अकरा मयतींत रिकामी मूठ घातली, तरी दर वेळी चाळीस मुठींचे चाळीस रुपये बरोबर भरले. "कोणीतरी येडा दोन टाकते," म्हणून तो मनात हसायचा.

आज मडकं सांभाळणारा म्हातारा महागूच गेला. मडकं पुनारामनं धरलं. सगळ्यांच्या मुठी झाल्या, पुनारामनं पैसे दोनदा मोजले.

"चाळीस मुठी, अन् रुपये एकोणचाळीस? काहून?"

तिरडीजवळून महागूची शांताबाई म्हणाली, "राहू दे बाबू. बुढा घरूनच एक रुपया जास्तीचा टाकून निघे. मी म्हणो, आपला तं टाकला, मंग हा कोणाचा? तं म्हणे, मले काय माहीत, मी पाह्यतो थोडीच! एक मूठ रिकामी येते. असन बिचाऱ्याची अडचण."

दुलीचंदची मान वर होईना. अकरा मयतींत त्याचा रुपया महागूनं भरला होता. कमी पडला तो फक्त महागूच्या मयतीला.