तीन वर्षं दहावीत
मुलगी शिकायला दूर गेली आणि घरात आईच्या शिलाई मशीनचाच काय तो आवाज उरला. मुलीचं दहावीचं गणिताचं पुस्तक मायलेकींनी मिळून सोडवलं होतं, तरी रोज दुपारी आई त्यातलंच एक उदाहरण मुलांच्या ऑनलाइन फोरमवर टाकून दहावीतली मुलगी असल्यासारखं लिहायची, "अडलंय, कुणी सांगेल का?" 'त्रिज्या' नावाची मुलगी हटकून उत्तर द्यायची. "अगं वेडे, आधी आकृती काढ!" असं हक्कानं रागवायची. आईला ते रागावणंही हवंसं वाटे. तिसऱ्या वर्षी एकदा त्रिज्यानं विचारलं, "तीन वर्षं दहावीतच कशी गं? थट्टा करतेस?" आईला खोटं रेटवेना. "गणितं येतात मला. मुलगी लांब असते. घरात बोलायला कुणी नाही," तिनं लिहिलं. मग त्रिज्याची ओळ उमटली: "काकू, सोळावं उदाहरण अवघड आहे. उद्या ते विचारा."