कुंकू लावलेलं सील

आमच्या जुन्या पिकअपच्या पॉवर स्टेअरिंगचं तेल गळायचं. काशीगावचा विलास मेकॅनिक दर रविवारी गाडीखाली शिरायचा, माझी लेक नीलम त्याला चहा न्यायची, आणि सोमवारी स्टेअरिंग पुन्हा जड. शेवटी मीच गळती थांबवणारं नवं ऑईल सील आणलं, रीतीप्रमाणे कुंकू लावलं आणि त्याच्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेल. मी त्याची हत्यारांची पेटी उघडली. सील कुंकवासकट फडक्यात गुंडाळलेलं.

“काकी, बसवायचं विसरलो.”

चहा आणणारी नीलम दारातच थांबली.

“विसरलास होय? आता बसव, आणि संध्याकाळी आईला घेऊन ये. वरात याच गाडीतून तुझ्या घरी न्यायचीय. वाटेत स्टेअरिंग जड झालेलं मला चालणार नाही.”